कुडा की काजरा

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकून ऐकलेलं कीर्तन कानापर्यंत येतं, आत उतरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझी गोष्टही तशीच, जवळ बसून ऐकायची. मोठा आवाज काढून सांगण्यासारखी ती नाही. एका झाडाच्या सालीची आहे, एका मुलीची आहे आणि एका मास्तरांची. संपेल तेव्हा मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढ्याला नाही म्हणू नका.

रामनवमीची सकाळ होती. वसतिगृहाच्या पडवीत मी उखळापाशी मुसळ घेऊन बसले होते आणि समोर हेमांगी घाडी पोत्यात हात घालून सालीचे तुकडे काढत होती. एकेक तुकडा बोटांनी मोडायचा आणि उखळात टाकायचा, असं आमचं चाललं होतं. मी कुटता कुटता एक पद गुणगुणत होते, कारण सड्यापलीकडच्या कुसवड्याच्या देवळात तेव्हा जन्माचं कीर्तन सुरू झालं असणार आणि मी इथे अडकले होते. हेमांगीला माझी चुळबुळ कळत होती. लवकर आटपलं तर पाळण्याला तरी पोचू, असं ती मला दोनदा म्हणाली.

आणि मग ती थांबली. हातातला तुकडा तिने पुन्हा मोडला. कानाजवळ नेऊन आणखी एकदा मोडला.

"वासंती, मुसळ खाली ठेव गो," ती म्हणाली. "हा कुडा नाही."

आता तुम्हाला थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तिच्या या बोलण्यात एवढं घाबरण्यासारखं काय, ते कळायचं नाही.

आम्ही दोघी औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला होतो. आमचं महाविद्यालय दक्षिण कोकणातल्या एका गावाबाहेर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, कडेला उभं होतं. आम्हाला औषधी आणि विषारी वनस्पती शिकवायला आठल्ये सर होते. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात नेहमी कसली तरी मुळी. गावोगावच्या उत्सवांत कीर्तनकाराच्या मागे झांज घेऊन उभे राहायचे, म्हणून मला ते वर्गात पाऊल टाकण्याआधीपासूनच आवडत होते. शिकवायचेही तसेच. आधी एक नाव सांगायचं, ते सगळ्यांकडून म्हणून घ्यायचं, मग त्या झाडाचं आख्यान लावायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला विषाचं कपाट दाखवलं. काचेच्या बरण्यांत धोतऱ्याचं बी, कण्हेरीचं मूळ, गुंजा, बचनाग, काजऱ्याच्या चपट्या बिया. मी उभी राहून विचारलं होतं की सर, यातलं अर्धं तर आम्ही देवाला वाहतो, मग हे विषाच्या कपाटात कसं. मुली हसल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, देवाला पचतं, आपल्याला पचत नाही, म्हणून तर शिकायचं.

ओळखायची रीत त्यांनी घोटून घेतली होती. रंग बघा, वास घ्या, मोडून बघा, आणि विषाच्या कपाटातलं नसेल तर कणभर जिभेच्या टोकावर ठेवा नि थुंका. परीक्षेतही तेच. नाव न लिहिलेल्या बश्या पुढ्यात येणार आणि आम्ही वासाने, चवीने सांगायचं की हे वेखंड, हा ज्येष्ठमध, हा किराईत.

इथेच हेमांगीचं दुखणं होतं. लहानपणी मोठ्या तापात तिचा वास गेला आणि चवही गेली. साखर आणि मीठ तिला सारखंच. हे महाविद्यालयात कुणालाच माहीत नव्हतं, एक मी सोडून. मला कळलं तेही कसं, तर खानावळीत दूध नासलेलं होतं, सगळ्या मुलींनी तोंड वाकडं करून पेले ठेवून दिले आणि ही बाई शांतपणे घटाघटा प्यायली. त्या दिवशी तिने मला शपथ घातली. घरी सांगण्यासारखं तिला एवढंच होतं की ती शिकते आहे. वडील नव्हते. आई मामाच्या घरी राबत होती आणि मामी भाताच्या प्रत्येक घासाला चार शब्द लावत होती. हेमांगीला नोकरी लागली की मायलेकी वेगळं बिऱ्हाड करणार होत्या. ते वेगळं बिऱ्हाड तिने मनात इतकं मांडलं होतं की चूल कुठल्या कोपऱ्यात असणार तेही तिला ठाऊक होतं. आणि प्राचार्य कर्णिक हे नियमाचे इतके पक्के की चव कळत नाही हे समजलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिची वळकटी बांधून दिली असती.

म्हणून आमचा एक बेत ठरलेला होता. प्रात्यक्षिकात आम्ही शेजारी बसायचो. बशी आली की मी चाखायची आणि टेबलाखाली तिच्या पायावर पाय दाबायचा. एकदा दाबला की कडू, दोनदा की गोड, टाच घासली की तुरट. बाकीचं ती स्वतः करायची, आणि ते असं करायची की मी बघत राहायचे. साल असो, मूळ असो, ती मोडायची आणि मान कलती करून ऐकायची. मृदंगाची शाई बसली की नाही हे वाजवणाऱ्याला जसं एका थापेत कळतं, तसं तिला मोडण्यावरून कळायचं. ज्येष्ठमध दोऱ्यादोऱ्यांनी सुटतो, दालचिनी कुरकुरीत तुटते, वेखंड मऊ तुटतं. मला तर बापडीला सगळे आवाज सारखेच.

आता कुड्याचं. कुड्याची साल हे आमच्याकडचं हगवणीवरचं जुनं औषध. चैत्रात विहिरी तळाला जातात, त्यात कुसवड्याच्या उत्सवाला पाच गावांची गर्दी लोटते, आणि पोटं बिघडतात. म्हणून आठल्ये सर दरवर्षी विद्यार्थिनींकडून कुड्याचं चूर्ण करून घ्यायचे. रामजन्म झाला, गुलाल उधळला, की एका ताटातून सुंठवडा आणि दुसऱ्यातून कुड्याच्या पुड्या. सुंठवडा तिथल्या तिथे तोंडात आणि पुडी घरी नेऊन ताकातून घ्यायची. पण पुड्या वाटण्याआधी सर सगळ्यांसमोर उभे राहून चिमूटभर चूर्ण स्वतः खायचे. लोकांना ते पाहायची सवय झाली होती. सरांनी खाल्लं की मग हात पुढे यायचे.

आणि त्याआधी, साल आली की ती कुटायच्या अगोदर, सर एका मुलीला बोलावून चाखायला लावायचे. त्या वर्षी तो मान माझा होता. आदल्या संध्याकाळी देवळातल्या भिकाजी गुरवाने पोतं आणून टाकलं. सरांनी वरचे तुकडे पाहिले, कुड्याचेच होते. एक माझ्या हातावर ठेवून म्हणाले, बघ गो चाखून. मी चाखलं, थुंकलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, कडू. कडू म्हणजे कुडा, सर म्हणाले, आणि आम्ही कुटायला बसलो. हेमांगी तेव्हा नव्हती. ती आईला भेटायला गेली होती, ती रामनवमीला पहाटेच्या गाडीने आली. रात्री कुटलेलं चूर्ण सर सकाळी स्कूटरवरून घेऊन गेले. उरलेलं पोतं कुटून दुपारपर्यंत पाठवा, म्हणाले.

आणि आता हेमांगी म्हणत होती, हा कुडा नाही.

मी तिच्या हातातला तुकडा घेतला. मला तो सालीचा तुकडा दिसला. तिने कुड्याचा एक तुकडा शेजारी ठेवला. कुडा रवाळ तुटत होता, कडेला भुसा सुटत होता. दुसरा पातळ होता, कठीण होता आणि तुटताना टच् असा कोरडा आवाज करत होता, असं ती म्हणाली. त्याच्या पाठीवर लोखंडाला गंज चढावा तसे नारिंगी डाग होते. बोटाला त्याची पूड लागत होती.

ती म्हणाली, काजरा असावा.

काजरा म्हणजे कुचला. तोच, विषाच्या कपाटातल्या चपट्या बियांचा. त्याची बी जशी विषारी तशी सालही. अंगाला झटके येतात, पाठ धनुष्यासारखी वाकते, आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. सरांनी ते आख्यान सांगितलं तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

मला खरं वाटेना. मी वेड्यासारखा त्या तुकड्याचा कण जिभेवर ठेवला. हेमांगी ओरडेपर्यंत मी थुंकलेही होते आणि तांब्याभर पाण्याने चुळा भरत होते. कडू. कालच्यासारखाच कडू. कुडाही कडू आणि काजराही कडू, जिभेला दोघांत काही फरक नव्हता. आम्ही पोतं उपडं केलं. वर बराचसा कुडा, आणि तळाकडे दोन्हींची सरमिसळ.

काल किती गेलं असेल, मी विचारलं. ती पायात चपला सरकवत होती.

कार्यालय बंद, दूरध्वनी कार्यालयात. उत्सवामुळे पहाटेनंतर एसटी नाही. कुसवड्याला सड्यावरून पायवाट होती, तिने निघालो. चैत्रातला सडा तुम्ही पाहिला असेल तर माहीत असेल. सावलीला झुडूप नाही, कातळाची झळ साडीतून पोटऱ्यांना लागते. आम्ही अर्ध्या पळत, अर्ध्या चालत होतो. दोन तुकडे हेमांगीच्या मुठीत.

मध्यावर मी तिला थांबवलं. कर्णिक सर तिथे असणार, हे मला आठवलं होतं. त्या वर्षी उत्सवाच्या मंडळाने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मी म्हटलं, तू मागे राहा. मीच सांगते, आज पुन्हा चाखली तर चव वेगळी लागली. तुझं नाव मध्ये येणारच नाही.

ती धापा टाकत होती. म्हणाली, "काल तू सगळ्यांसमोर कडू म्हणालीस. आज वेगळी लागली म्हटलंस तर ते काय करतील? पुन्हा चाखतील. आणि पुन्हा कडूच लागेल."

ती पुढे निघाली आणि मी तिच्या मागून. तिच्या पाठीकडे बघत मी रामाला म्हणत होते, आज जरा उशिराने जन्म घे बाबा. देवाला असलं काही सांगू नये, पण सांगितलं.

देवळात शिरलो तेव्हा शंख वाजत होता. डोक्यावर गुलाल आणि फुलं उडत होती, बुवांनी पाळणा धरला होता, बायका पुढे सरकत होत्या. एरवी अशा क्षणी माझे डोळे मिटतात. त्या दिवशी मी उघड्या डोळ्यांनी माणसं ढकलत होते. सभामंडपाच्या कडेला चौरंगावर दोन ताटं होती. सर झांज खाली ठेवून दुसऱ्या ताटापाशी आले, त्यांनी एक पुडी उघडली, चिमूट तळहातावर घेतली आणि देवाकडे बघून हात वर नेला.

हेमांगीने त्यांचं मनगट धरलं.

गलका एकदम थांबत नाही, तो कडेकडेने विझतो. आधी पुढची माणसं गप्प झाली, मग मागची. बुवा पाळण्याची दोरी हातात धरून तसेच उभे राहिले.

"सर, खाऊ नका. यात काजरा आहे."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला म्हणाले की तू तर काल चाखलीस ना. मी मान हलवली. तोवर कर्णिक सर पुढे आले होते. देवळात हा काय तमाशा, असं ते दबक्या आवाजात म्हणाले, आणि मग मला म्हणाले की एवढं आहे तर पुन्हा चाख. हेमांगीने पुढे केलेल्या दोन तुकड्यांकडे मी पाहिलं आणि म्हटलं, सर, दोन्ही कडू आहेत, मी सकाळी पाहिलंय. कर्णिक म्हणाले, झालं तर मग, कडू आहे म्हणजे कुडा आहे. मागून कुणी तरी हसलं. एक म्हातारी म्हणाली, पोरीक ऊन लागला वाटता, पाणी द्या कोण तरी.

आणि आठल्ये सरांनी अगदी हळू विचारलं, "तुला कशावरून वाटतं, हेमांगी?"

तिने एकदा कर्णिकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल की डाग दिसले, आणि तेवढ्यावर भागेल. पण डाग काय, सालीला कसलेही असतात. तेवढ्यावर कुणी थांबलं नसतं, आणि हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

"मला चव कळत नाही, सर," ती म्हणाली. "वासही येत नाही. लहानपणापासून. म्हणून मी मोडून ऐकते. तुम्ही सगळे चाखून पुढे जाता, मला तिथे थांबावं लागतं. ही साल कुड्यासारखी तुटत नाही."

आणि तिने ते दोन्ही तुकडे, त्या गप्प झालेल्या सभामंडपात, एकामागून एक मोडले.

मला आजही त्या दोन आवाजांत फरक सांगता यायचा नाही. पण सरांनी तळहात उलटा केला आणि चिमूट खाली पडू दिली.

पुढे त्यांनी फार वेळ लावला नाही. वेर्णेकर सोनार समोरच बसले होते, त्यांना विचारलं, तेजाब आहे का दुकानात. सोनं पारखायचं तेजाब. वेर्णेकर म्हणाले, आसा मां, आणि उठून गेले. दुकान देवळासमोरच होतं. बाटली आली. काजरा असेल तर तेजाबाने लाल होईल, सर म्हणाले. सरांनी काचेच्या कांडीने एक थेंब कुड्याच्या तुकड्याच्या आतल्या अंगावर ठेवला. तो पिवळट झाला. दुसरा थेंब दुसऱ्या तुकड्यावर ठेवला आणि तो तुकडा बोटाला टाचणी लागावी तसा लाल झाला. लालभडक. पुढच्या बायकांनी पोरं मांडीवर ओढून घेतली. मग सरांनी एका पुडीतलं चूर्ण बशीत पसरलं आणि त्यावर थेंब टाकले. पिवळ्यात लाल ठिपके उमटत गेले, एक इथे, एक तिथे, हळदीच्या पाण्यात कुंकू सांडल्यासारखे.

भिकाजी गुरव पुढे आला. रस्त्याच्या कामासाठी झाडं तोडून टाकली होती, पाला नाही, फळ नाही, नुसते बुंधे. थोडी साल त्याने कुड्याची काढली होती आणि बाकीची त्या पडलेल्या बुंध्यांची. "हातान सुटत होती साल," तो म्हणाला. "म्हटलां, देवाच्या कामाक जिवंत झाड कित्याक सोलूचा?" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, पारखायचं काम माझं होतं. मग तेच त्यांनी वळून सगळ्या लोकांना सांगितलं. आज औषध नाही. चूक माझी. या मुलीने थांबवली.

बुवांनी पाळण्याची दोरी सोडली, आपल्या गळ्यातला मोगऱ्याचा हार काढला आणि हेमांगीच्या गळ्यात घातला. कीर्तनकाराचा हार दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी त्याआधी पाहिला नव्हता. ती अवघडून उभी राहिली. मग माझ्याकडे वाकून तिने विचारलं, कसा असतो गो याचा वास. मोगऱ्याचा वास कसा असतो ते त्या दिवसापासून मी शोधते आहे, पण सांगता येत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुड्या खड्ड्यात पुरून झाल्यावर, माणसं सुंठवडा घेऊन पांगल्यावर, कर्णिक सरांनी आम्हा तिघांना देवळामागच्या पारावर बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. ते हेमांगीला म्हणाले की तुझे उपकार आहेत, मोठं संकट टळलं. आणि मग म्हणाले की आता मला कळलंय ते मला न कळल्यासारखं करता येणार नाही. परीक्षेत चव आहे, वास आहे. ज्या मुलीला ते कळत नाही तिला मी परीक्षेला कसा बसवू, आणि बसवली तरी उद्या औषधाच्या खिडकीत कशी बसू देऊ. नासलेलं औषध तिला कळणार कसं.

हेमांगीने हार काढून हातात धरला होता. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की ती आता मामीच्या दारात पोचलेली आहे.

आठल्ये सर पाराच्या कडेला बसले होते. म्हणाले, "मग कर्णिक, आधी माझं नाव पटावरून काढा."

कर्णिकांना कळलं नाही. मलाही नाही.

"मलाही चव लागत नाही," सर म्हणाले. "बायको गेली त्या वर्षी आजारी पडलो होतो. उठलो तेव्हा जिभेवर काही नव्हतं. पोरींकडून चाखून घेतो तो काही मान म्हणून नाही. मला कळत नाही म्हणून."

पारावर ऊन उतरलं होतं. कर्णिकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. विचारलं की मग दरवर्षी सगळ्यांसमोर आधी स्वतः कशाला खात होतात, त्याने काय कळायचं.

"काहीच नाही," सर म्हणाले. "पण चुकलं असतं तर आधी मला झालं असतं. एवढंच माझ्या हातात होतं." मग ते म्हणाले, "ही पोर आज सगळ्यांसमोर बोलली. मला इतक्या वर्षांत धीर झाला नाही. दोघांतलं एकच घरी पाठवायचं असेल तर कुणाला पाठवायचं ते तुम्ही ठरवा."

कर्णिक पाराच्या दगडावर बोट फिरवत होते. मग उठले. जाताना म्हणाले, बसू दे तिला परीक्षेला. चवीचे गुण मिळणार नाहीत. आणि हेमांगी, पायाखालचं ते तुमचं काय चालतं, ते बंद. दोघींचं.

म्हणजे त्यांना तेही ठाऊक होतं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. हेमांगीच्या शेजारी मला बसवलं नव्हतं. तिने प्रत्येक बशीतलं सामान मोडून, भिंगाखाली धरून ओळखलं आणि चवीसमोर प्रत्येक वेळी लिहिलं, परीक्षकांनी कृपया स्वतः चाखून पाहावे. ते गृहस्थ हसले की चिडले ते मला कळलं नाही, पण कडूजहर किराईत त्यांनी खरंच चाखला आणि दिवसभर पाणी मागत होते. ती पास झाली. पुढे एका ग्रामीण रुग्णालयात औषधांच्या खिडकीत तिला नोकरी लागली, आणि आईला मामाच्या घरून तिने आणलं.

सरांनी मात्र त्या जूनमध्ये आमचा विषय सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. कर्णिक दोनदा घरी गेले, त्यांनी ऐकलं नाही. पुढे ते झाडाझुडपांच्या संग्रहाची खोली सांभाळायचे, वर्गात यायचे नाहीत. नव्या मुलींना ते कोण हेही माहीत नसायचं.

काही वर्षांनी मी हेमांगीच्या बिऱ्हाडी जेवायला गेले. रविवार होता. आई कुठल्याशा लग्नाला गेली होती, म्हणून स्वयंपाक हेमांगीने केला होता. सरही आले होते. दर रविवारी यायचे, असं कळलं. पानं वाढली. आमटीचा पहिला भुरका मारला आणि माझा घास तोंडातच राहिला. मीठ नव्हतंच, एक खडाही नव्हता. चिंच मात्र अशी पडली होती की दात आंबले. मी मान वर केली. सर भात कालवून सावकाश जेवत होते. हेमांगी त्यांना वाढत होती, ते हाताने पुरे म्हणत होते आणि पुन्हा घेत होते. दोघांच्याही तोंडावर असं समाधान होतं की ते मी फक्त कीर्तन उठताना माणसांच्या तोंडावर पाहिलंय.

"छान झालीय गो," सर म्हणाले.

हेमांगीने माझ्याकडे पाहिलं, खरं सांग, अशा नजरेने. मी वाटी पुढे केली आणि आणखी आमटी मागितली.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही, त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्या मागे पान ठेवणारं कुणी नाही. हेमांगी ठेवते, पण ती एकटी किती पुरणार. म्हणून हे माझं मागणं. तुमच्या घरच्यांची नावं घेऊन झाली की, देवापुढे असाल किंवा नुसतेच अंथरुणाला पाठ टेकली असेल, शेवटी एक नाव आणखी घ्या. आठल्ये सर म्हणा. तेवढं पुरे.